सदाशिव पेठेतला गोदार

त्याला सगळे गोदार म्हणतात. टोपणनावं माणसाला चिकटतात, यानं हे मागून घेतलं. कॉलेजात असताना त्यानं केलेल्या एका फिल्ममध्ये नायक दारात उभा असायचा आणि पुढच्याच क्षणी थेट गच्चीवर. कुणीतरी विचारलं, मधला जिना कुठं गेला? हा म्हणाला, "जंप कट. गोदार." खरं कारण एवढंच, की मेमरी कार्ड भरलं होतं. तसं तोंडावर सांगूनही तो खजील झाला नाही. १९६०ची 'ब्रेथलेस' फार लांबली म्हणून फ्रेंच दिग्दर्शक गोदारनं शॉट मधूनच कापले होते. त्याचं फुटेज जास्त झालं, माझं कमी पडलं, फरक तो काय एवढाच, असं त्यानं वर ऐकवलं. तेव्हापासून तो गोदार. आई मात्र बंड्याच म्हणते.

वय तिशीच्या पुढे, म्हणजे लग्नाचं निघून चाललेलं आणि फीचर फिल्मचं अजून न आलेलं. खादीचा कुडता, खांद्याला झोळी, झोळीत लाइट मीटर. या मीटरचा सेल गेलेला आहे, पण माणूस नवीन भेटला की गोदार तो त्याच्या गालापाशी धरतो आणि "हं" म्हणतो. बोलताना दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट करायची खोड आहे. अमृततुल्यसमोर उभं राहून त्यानं अशी चौकट केली की चहावाल्याला वाटतं दोन कटिंग हवेत. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा जो महिन्याभराचा वर्ग घेतात, तो त्यानं मनापासून केलेला आहे. इन्स्टिट्यूट जिथं आहे त्या जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या आंब्याखाली बसल्यापासून त्याला साधा सिनेमा बघता येईनासा झाला. आई मालिका लावते तेव्हा तो पेपरामागून "कट्... कट्..." असं पुटपुटत असतो.

आता पोटापाण्याचं. गोदार प्री-वेडिंग शूट करतो. हे तो सांगत नाही, विचारलं तर "कमिशन्ड वर्क" म्हणतो. सोमवार ते शनिवार तो लोकांच्या प्रेमाचा उदय पॅकेजवर करून देतो. पानशेतच्या पाण्याकाठी, ड्रोनसह, गाणं तुमच्या पसंतीचं. आणि यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही. पत्रिका जुळून, दोन कांदेपोह्यांवर ठरलेली मुलं-मुली त्याच्यापुढे येऊन उभी राहतात. मध्ये एक फूट अंतर, दोघांच्या चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोची कळा. गोदार त्यांना मिठी मारा, डोळ्यांत बघा, असलं काहीही सांगत नाही. तो मुलाला म्हणतो, "दादा, वहिनींच्या कानात एका भाजीचं नाव सांगा. गंभीरपणे." दादा बिचारा घाम पुसत वाकतो आणि सांगतो, "दोडका." ती जी फसकन हसते आणि हसता हसता त्याच्या दंडाला धरते, ते गोदारच्या कॅमेऱ्यात तोवर गेलेलंच असतं. मग ती आपणहून कानात "तोंडली" म्हणते आणि तो हसतो. संध्याकाळपर्यंत दोघं एकाच बाटलीतलं पाणी पितात. मी हे थर्माकोल हातात धरून पाहिलेलं आहे. मी त्याचा सहायक दिग्दर्शक, म्हणजे ऊन चेहऱ्यावर परतवण्यासाठी लागणारा थर्माकोल धरणारा.

या सगळ्याचा त्याला मनापासून तिटकारा आहे. "धंदेवाईक," असं म्हणून तो कॅमेरा पुसतो. कलावंत म्हणून त्याला हवा असतो तो प्रेमाचा अस्त.

अस्ताचं हे आकर्षण एकट्या गोदारचं नाही. प्रायोगिक लघुपट करणाऱ्यांची जमातच अस्ताची. माझा आपला हिशोबी अंदाज असा, की उदय महाग पडतो. त्याला दोन माणसं लागतात, त्यांना एकमेकांकडे बघावं लागतं, आणि बघितल्यावर प्रेक्षकाला ते पटावं लागतं. अस्ताला काय लागतं? अर्धा प्यालेला चहा, खिडकीवर पाऊस, उतरवून ठेवलेली चप्पल. हे सगळं घरात असतंच. नट आला नाही तरी अडत नाही. उलट तो न येण्यातच अर्थ भरता येतो.

गोदारकडे मात्र याला आधार असतात. पहिला आधार माया डेरेनचा. तिनं १९४३ साली नवऱ्याला बरोबर घेऊन, लॉस एंजेलिसमधल्या राहत्या घरात 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' केली. चौदा मिनिटं, संवाद नाही, सामान म्हणाल तर किल्ली, पावाची सुरी आणि एक फूल. "घरच्या घरी," गोदार बोट उभारून सांगतो, "आणि चार वर्षांनी घटस्फोट. फिल्म टिकली." जणू घटस्फोट हा निर्मितीखर्चात धरायचा असतो. दुसरा आधार अँडी वॉरहॉलचा. त्यानं १९६३ साली आपल्या झोपलेल्या प्रियकरावर कॅमेरा लावला आणि पाच तासांवर लांबीची 'स्लीप' केली. हे ऐकून गोदारची आई म्हणाली, "त्यात काय, तुझे बाबा रोज आठ तास झोपतात. मी इतकी वर्षं बघतेय, मला कुणी बक्षीस दिलं नाही." स्टॅन ब्रॅकेजनं कॅमेरा न वापरता पतंगांचे पंख आणि पानं चिकटपट्टीवर लावून 'मॉथलाइट' केली हे कळल्यावर तर गोदारनं पावसाळाभर ट्यूबलाइटखालचे पंख एका बशीत जमवले. ते त्याच माउलीनं केरात काढले.

देशी आधारही आहे. फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पतींनी १९६८ साली 'एक्सप्लोरर'सारखी डोकं गरगरवणारी फिल्म केली, तीही सरकारच्या पैशानं. या वाक्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर गोदारचा आवाज कातर होतो.

पण एका फिल्मबद्दल बोलताना तो बोटांची चौकट करत नाही. क्रिस मार्करची 'ला जेते', १९६२. अठ्ठावीस मिनिटांची अख्खी फिल्म स्थिर छायाचित्रांची. एका माणसाला लहानपणी पाहिलेला एका बाईचा चेहरा आठवत राहतो, त्याची गोष्ट. आणि सगळी चित्रं अशी थिजलेली असताना एका जागी ती झोपलेली बाई डोळे उघडते. तेवढं एकच हलतं. हे सांगताना गोदार हळू बोलतो, झोळी मांडीवर घेतो आणि चहा गार होऊ देतो. त्या वेळी तो मला फार आवडतो. दुर्दैवानं लगेच म्हणतो, "मी याच्या उलट करणार. सगळं हलतं, फक्त प्रेम थिजलेलं."

तर अशी ती फिल्म ठरली. नाव आधी 'उदयास्त' होतं, मग 'उदय/अस्त', शेवटी नुसतंच '/'. हे तोंडानं म्हणायचं कसं, या प्रश्नावर तो हवेत एक तिरपी रेघ मारत असे.

उदयाचं शूटिंग झेड ब्रिजवर. पुणेकरांना याचं कारण सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की मुठेवरच्या या पुलावरून चारचाकी जात नाही आणि दुचाकी जाण्यापेक्षा जास्त थांबतात. कठड्याला टेकून जोडपी उभी. मुलींच्या तोंडाला स्कार्फ असे गुंडाळलेले, की सख्खी आई शेजारून गेली तरी ओळखणार नाही. नायक पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत गाजलेला. कुजबुजणं ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. "काल का आली नाहीस?" हे त्यानं भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेला पोचेल अशा बेतानं विचारलं, तेव्हा पुलावरच्या तीन-चार मुलींनी दचकून आपापल्या माणसाकडे पाहिलं. नायिकेची सबमिशन होती. तिला साडेसातला सोडायचं कबूल केलेलं. ती दर शॉटच्या मध्ये मोबाइलवर जर्नल उतरवून घेत होती.

"नॅचरल!" गोदार ओरडायचा. "नॅचरल व्हा!"

व्हायचं कसं, ते तो सांगेना. मी हळूच म्हटलं, "दोडका सांगून बघ की." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवघरात चप्पल घालून आलोय.

त्यांच्या मागे, अगदी फ्रेमच्या कडेला, एक जोडपं होतं. एका वायरचे दोन इअरफोन, एक तिच्या कानात, एक त्याच्या. मधे एक भाजलेलं कणीस. ती एक ओळ सोलून खायची, पुढची ओळ त्याच्यासाठी सोडायची आणि कणीस त्याच्या बाजूला फिरवायची. तो खायचा, परत फिरवायचा. बोलणं नाही, बघणं नाही. कणीस आपलं घड्याळासारखं फिरतंय. मी थर्माकोल विसरून बघत राहिलो, त्यामुळे नायकाच्या तोंडावर अंधार झाला. गोदारचं लक्ष गेलं. तो तरातरा त्यांच्यापाशी गेला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "सॉरी हं, आमचं लव्ह स्टोरीचं शूट चाललंय. जरा फ्रेममधून बाजूला होता का?" झाली बिचारी.

अस्ताचं शूटिंग कोथरूडला, त्याच्या मावशीकडे. पैसे घेणारे नट परवडत नव्हते म्हणून मावशी आणि काकाच नायक-नायिका. काका बँकेतून निवृत्त, मावशी शाळेतून. गोदारनं त्यांना समजावलं: जेवणाचं टेबल, सकाळ, तुमच्यातलं सगळं संपलंय, बोलायला काही उरलेलं नाही. काका म्हणाले, "मग रोजच्यासारखंच की." गोदार खूश.

पोह्यांच्या बशा मांडल्या. मी पडद्याच्या दांडीला माइक बांधून उभा. रोलिंग, अ‍ॅक्शन. दोघं गप्प. काका पेपरात, मावशी खिडकीकडे. अप्रतिम चाललेलं. आणि पेपरातली नजर न काढता काकांचा हात पलीकडे गेला, मावशीच्या बशीतल्या मिरच्या एकेक करून उचलल्या, आपल्या बशीच्या कडेला ठेवल्या आणि परत पेपराची घडी धरली.

"कट! काका, मिरच्या कशाला उचलल्या?"

"मी? कधी?" काका खरोखरच चकित झाले.

"तिला पित्त होतं ना," मावशी म्हणाली. म्हणजे स्वतःबद्दलच, पण काकांच्या वतीनं.

"पण काका, तुमचं प्रेम संपलंय!"

"अरे, प्रेम संपलं म्हणून काय तिला मिरच्या खायला घालू?"

दुसऱ्या टेकला मिरच्या आधीच काढल्या. तर काकांना ठसका लागायच्या आत मावशीनं पाण्याचं भांडं पुढं सरकवलं. आधी भांडं आलं आणि मग ठसका, हा क्रम मी माइकमधून कानांनी ऐकलेला आहे. तिसऱ्या टेकला सगळं जमत आलं असताना मावशी चालू शॉटमधून उठली आणि पंख्याचं बटण दोनावर आणून बसली. "त्यांचा खांदा धरतो रे वाऱ्यानं." चौथ्याला गोदारनं त्यांच्या खुर्च्या लांब नेल्या. काकांनी पेपराचं मधलं पान काढून, न विचारता, टेबलावरून तिकडे सरकवलं. शब्दकोडं तिचं असतं.

शेवटी त्यानं हात जोडले, दोघांना आत जाऊन पडायला सांगितलं, आणि तिथल्या पंख्याचा सहा मिनिटांचा एक शॉट घेतला. दोनावर फिरणारा, कुरकुरणारा. "हाच अस्त," तो म्हणाला. "माणसं मध्ये येत होती."

एडिटिंगला मी जात नाही, कारण तिथं थर्माकोल लागत नाही. पण तयार झालेली फिल्म अशी: उदय चाळीस सेकंद, त्यातही नायिकेची पाठ, अस्त सतरा मिनिटं. त्यात पंखा, गार चहा, चप्पल, पुन्हा पंखा. माणसाचा पूर्ण चेहरा एकदाच येतो, तोही कॅलेंडरवरच्या गजाननाचा.

पहिला खेळ ओळखीच्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. प्रेक्षक तीस-चाळीस, त्यातले निम्मे नातेवाईक, उरलेले ज्यांच्या फिल्मच्या खेळाला गोदार जाऊन आला होता ते. हा अहेर असतो, परत करावा लागतो. फिल्म संपली तरी ती संपली आहे हे कळायला थोडा वेळ गेला, कारण पडद्यावर अंधार आणि पंख्याचा आवाज चालूच होता. दिवे लागल्यावर उलगडा झाला, की तो आवाज सभागृहाच्याच पंख्याचा.

मग चर्चा. ती फिल्मच्या दुप्पट चालली. झोळीवाल्या एका तरुणानं प्रश्न म्हणून जे विचारलं ते चार मिनिटं चाललं आणि त्याच्या अखेरीला प्रश्नचिन्ह नव्हतं. 'अवकाश' हा शब्द मी अकरापर्यंत मोजला, पुढे सोडून दिला. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "पंख्याचं बेअरिंग गेलंय. सहा मिनिटं मी तेच ऐकत होतो." गोदार म्हणाला, "एक्झॅक्टली. नात्याचं बेअरिंग." गृहस्थ म्हणाले, "नाही नाही, पंख्याचं. दीडशे रुपयांत होईल."

गोदारनं पार्श्वसंगीत न वापरल्याबद्दल स्वतःच दोन शब्द सांगितले. मराठी सिनेमा अजून इथवर आलेला नाही, नुसत्या वास्तव आवाजांवर कुणी फिल्म पेलून दाखवावी, वगैरे. तेव्हा कोपऱ्यातले एक आजोबा काठीवर उठले. "शांतारामबापूंचा 'कुंकू' पाहिलाय का रे? १९३७. पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज तेवढे. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावून दिलेली ती शांता आपटे, आणि भिंतीवरचं ते घड्याळ! घड्याळाकडून केवढं काम करून घेतलंय. आणि झालं कुठं हे सगळं? इथंच, प्रभातमध्ये. तू ज्या आंब्याखाली बसतोस ना, त्याच आवारात." आजोबा बसले. गोदारनं वहीत 'कुंकू' असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. त्यानं तो पाहिलेला नव्हता. पुढच्याच आठवड्यात पाहून आला आणि मला म्हणाला, "बापू बरोबर ट्रॅकवर होते."

मावशी-काका पहिल्या रांगेत होते, ठेवणीतले कपडे घालून. आपण कधी येणार म्हणून ते अखेरपर्यंत वाट बघत होते. चपलेच्या शॉटला काकांनी मावशीला कोपर मारून सांगितलं, "माझी." नंतर मावशी गोदारला म्हणाली, "छान झालंय हो बंड्या. ते आमचं पोह्यांचं, मिरच्यांचं वगैरे कापलंस ते दे ना मोबाइलवर. मुलगी मागते तिकडून." गोदारनं सांगितलं, की रशेस बाहेर द्यायची पद्धत नाही. शिवाय ते त्यानं पुसून टाकलं होतं. पंख्याला जागा कमी पडत होती.

त्यानंतर ती फिल्म जगभर पाठवायचं सत्र. पाठवण्याची फी डॉलरमध्ये असते, नकार मात्र अगदी आदबशीर भाषेत येतो. काही महोत्सव दर महिन्याला भरतात, फक्त इंटरनेटवर, आणि फी भरलेल्या माणसाला सहसा दुखवत नाहीत. अशा दोन-तीन ठिकाणी निवड झाली. पोस्टरवर कंसासारख्या डहाळ्या आल्या. आईनं चष्मा लावून पाहिल्या आणि विचारलं, "या कोथिंबिरीच्या जुड्या कशाला?" वडील मात्र दर वेळी फी भरतात. ते फिल्मबद्दल कधीच काही बोलत नाहीत. फक्त फी भरल्याची पावती फाइलला लावतात आणि फाइलवर त्यांनी स्वच्छ अक्षरात तिरपी रेघ काढलेली आहे.

सध्या पुढच्या फिल्मची जुळवाजुळव चालली आहे. विषय अबोला. लांबी एकोणचाळीस मिनिटं. चाळिसाच्या वर गेली तर ऑस्करवाले तिला लघुपट धरत नाहीत, म्हणून हे एक मिनिट हातचं ठेवलेलं. मावशी-काकांनी होकार दिलाय. काकांची अट एकच: पोहे नकोत, उपमा.

मधल्या काळात खर्च भागायला हवा म्हणून परवा पानशेतला गेलो होतो. मुलगा आयटीतला, मुलगी फिजिओथेरपिस्ट. दोघंही कमालीची अवघडलेली. गोदारनं दोडका लावून पाहिला. मुलगा दोडका असं म्हणाला, की जणू मंडईत भाव विचारतोय. तोंडलीही फुकट गेली. ड्रोन वर जाऊन खाली आला. ऊन कलायला लागलं, माझे हात भरून आले. गोदार दाढी खाजवत उभा राहिला आणि मग म्हणाला, "दादा, भाजी राहू द्या. वहिनींना विचारा, पोह्यातल्या मिरच्या खातात का."

मुलानं वाकून विचारलं. मुलगी विचारात पडली. म्हणाली, "नाही. बाजूला काढते. का?"

"नाही, म्हणजे," मुलगा म्हणाला, "मी खातो. मला दिल्यास तरी चालतील."

ती त्याच्याकडे बघायला लागली. चांगली बघत राहिली.

"हलू नका!" गोदार ओरडला. "थर्माकोल वर घे रे, वर!" शॉट झाल्यावर त्यानं तो छोट्या पडद्यावर दोनदा लावून पाहिला, लेन्सला टोपण बसवलं आणि मला म्हणाला, "धंदेवाईक. चल, गाडीत टाक सामान."